संकेतस्थळाचा कट्टा भरतो कसा?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



गेल्या महिन्यात दोन तरुण मुलं माझ्या घरी आली होती. दोघंही अभियांत्रिकी झालेली. एक पुण्यात नोकरीला, दुसरा इथंच कोल्हापुरात. त्यांना कोल्हापूर सोडून बाहेर गेलेल्या माणसांसाठी संकेतस्थळ काढायचं आहे. पुणं, मुंबई, बंगळूर, आखाती देश अशी कुठंकुठं पांगलेली आपली माणसं तिथं भेटतील, लिहितील, एकमेकांच्या उपयोगी पडतील, अशी त्यांची कल्पना. लॅपटॉप सोबत होताच. मुखपृष्ठ तयार होतं. वर अंबाबाईच्या देवळाचं शिखर, खाली रंकाळ्यावरचा सूर्यास्त आणि डाव्या हाताला एकवीस विभागांची यादी. खाणंपिणं, कुस्ती, फुटबॉल, चित्रपट, इतिहास, लग्नं जमवणं, नोकऱ्या, अगदी जुन्या गाड्यांची खरेदी-विक्रीसुद्धा. मला म्हणाले, "काका, तीनच गोष्टी सांगा. सर्व्हर केवढा घेऊ, जाहिरात कुठं करू आणि दिवाळीपर्यंत दहा हजार सभासद होतील का?"

मी विचारलं, "पहिले दहा कोण?"

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. एकजण म्हणाला, "म्हणजे? येतील की लोकं."

मला हे विचारायला मुलं येतात, कारण २००९ सालापासून मी एक छोटं मराठी संकेतस्थळ चालवतो आहे. गच्चीवर, गॅलरीत, परसात झाडं लावणाऱ्यांसाठीचं. मी बँकेत नोकरीला होतो, संगणकाचं शिक्षण असं काही नाही. बँकेत संगणक आले तेव्हा जेवढं शिकवलं तेवढंच. बाकीचं चुका करत शिकलो. आज त्या चुकाच प्रामुख्यानं सांगणार आहे.

आपल्याकडं पेठापेठांतून तालमी आहेत. तालीम आधी बांधली आणि मग पैलवान शोधायला निघाले, असं कुठं ऐकलंय का? चार पोरं कुठल्या तरी मोकळ्या जागेत घुमू लागली, एक वस्ताद भेटला, मग माती आली, मग छप्पर आलं. फुटबॉलचंही तसंच. पोरं आधी गल्लीत खेळली, संघ नंतर झाला. माणसं आधी जमतात, जागा नंतर लागते. इंटरनेटवर मात्र उलटा मोह होतो, कारण जागा बांधणं सोपं झालंय. शनिवारी सकाळी बसलं की रविवारी संध्याकाळी संकेतस्थळ तयार. ड्रुपल, डिस्कोर्स असली तयार सॉफ्टवेअर फुकट मिळतात. नावाच्या नोंदणीला वर्षाला हजारभर रुपये, सर्व्हरच्या भाड्याला आणखी काही हजार. खर्चाचा भाग इथं संपला. त्यावर जास्त बोलण्यासारखं काही नाही.

मराठीत ज्यांनी हे काम पहिल्यांदा केलं त्यांच्याकडं पाहिलं तर खूप कळतं. आपल्या देशात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं ते विदेश संचार निगममार्फत, १५ ऑगस्ट १९९५ रोजी, तेही मोजक्या मोठ्या शहरांत. त्यानंतर साधारण वर्षभरानं, १६ सप्टेंबर १९९६ या गणेश चतुर्थीच्या दिवशी, 'मायबोली' सुरू झाली. अजय गल्लेवाले यांनी ती अमेरिकेतून सुरू केली. आज तिला जवळजवळ तीन दशकं होत आली. त्या काळात संगणकावर मराठी उमटवणं म्हणजे एक दिव्य होतं. रोमन अक्षरांतून मराठी लिहायचं, नाहीतर एखादा खास फॉन्ट उतरवून घ्यायचा, आणि तोच फॉन्ट समोरच्याकडं नसेल तर त्याला फक्त चौकोन आणि चिन्हं दिसायची. तरीही लोक लिहीत होते. का? कारण लिहिणारा माणूस घरापासून हजारो मैल दूर होता आणि त्याला कुणाला तरी मराठीत विचारायचं होतं की, इथल्या मैद्याच्या पिठात पुरणपोळी फाटते, काय करू? ही गरज खरी होती. तिच्यापुढं फॉन्टची अडचण टिकली नाही.

पुढं युनिकोड आलं. विंडोज २००० आणि एक्सपीमध्ये देवनागरीची सोय आली, पण एक्सपीवर ती मूळची सीडी घालून वेगळी चालू करावी लागायची. सायबर कॅफेवाल्याला "जरा सीडी द्या" म्हटलं की तो कसा बघायचा, हे ज्यांनी अनुभवलंय त्यांनाच ठाऊक. २००४ साली 'मनोगत' आलं. तिथं थेट देवनागरीत टंकलेखन करता येऊ लागलं, शुद्धलेखनाची तपासणी आली. २००७ मध्ये 'उपक्रम' आणि 'मिसळपाव' आली, २०११ मध्ये 'ऐसी अक्षरे'. यांतली माणसं बरीचशी तीच. या तालमीतून त्या तालमीत गेलेली, काही रुसून गेलेली. पण प्रत्येक ठिकाणचा स्वभाव वेगळा. एका ठिकाणी शुद्धलेखन काटेकोर, दुसरीकडं माहितीपर लेखनावर भर, तिसरीकडं गप्पा आणि खाणं, चौथीकडं वादविवाद. नवीन माणसाला दोन दिवस वाचलं की कळायचं, आपण इथं रमणार की नाही. हे स्वभाव कुणी नियमावलीत लिहून आणले नव्हते. पहिल्या पंचवीस-तीस जणांनी जसं लिहिलं, तसा त्या जागेचा स्वभाव झाला. म्हणून मी विचारतो, पहिले दहा कोण?

आता माझी गोष्ट. मी संकेतस्थळ सुरू केलं तेव्हा माझेही सतरा विभाग होते. गुलाब वेगळे, निवडुंग वेगळे, भाज्या वेगळ्या, औषधी वनस्पती वेगळ्या. बोन्सायचासुद्धा होता, आणि कोल्हापुरात बोन्साय करणारं मला कुणी माहीत नव्हतं. पहिल्या महिन्यात नऊ सभासद झाले. त्यातला एक मी, एक माझी बायको, एक माझी भाची. नवीन माणूस यायचा, सतरा दारं उघडून बघायचा, प्रत्येक खोली रिकामी. तो परत कशाला येईल? दोनशे माणसं बसतील एवढ्या मोठ्या हॉलमध्ये वीस माणसं बसली की कार्यक्रम पडला असं वाटतं. तीच वीस माणसं माझ्या ओसरीवर बसली तर घर भरल्यासारखं वाटतं. चार महिन्यांनी मी सतराचे तीन विभाग केले. 'विचारा', 'दाखवा' आणि 'देवाणघेवाण'. त्यानंतर हालचाल दिसायला लागली.

त्या रिकाम्या महिन्यांत मी एक लबाडीही केली. तीन खोटी नावं घेतली आणि स्वतःच प्रश्न विचारून स्वतःच उत्तरं दिली. वाटलं, गर्दी दिसली की गर्दी येते. भाजी मंडईत पहिली बोली आपल्याच माणसानं लावावी तसं. एका सभासदानं पंधरा दिवसांत ओळखलं, कारण तिन्ही माणसं 'कुंडी' ऐवजी 'कुंडीपात्र' असं लिहीत होती, जे माझ्याशिवाय जगात कुणी लिहीत नाही. त्यांनी ते चारचौघांत बोलून दाखवलं नाही, मला खासगी निरोप पाठवला. मी तिन्ही नावं बंद केली आणि माफी मागितली. तेव्हापासून ते गृहस्थ आमचे संपादक आहेत.

खोटी माणसं उभी करण्याऐवजी खऱ्या माणसांना हाताला धरून आणायला हवं होतं. पुढं तेच केलं. माझ्या ओळखीच्या ज्या माणसांना झाडांतलं काही कळतं, त्यांच्या घरी गेलो. एक निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांना रानभाज्यांची फार चांगली माहिती. टाकळा, कुर्डू, भारंगी, पाथरी, करटोली, कुठली कधी उगवते, कोवळी कशी ओळखायची, कशी शिजवायची. त्यांना टंकलेखन येत नव्हतं. त्या वहीत लिहायच्या, दर गुरुवारी मी वही आणायचो आणि रात्री टंकून चढवायचो. त्यांच्या पहिल्या टिपणाला अकरा प्रतिसाद आले. त्यातले दोन परदेशातून होते. बाईंना मी ते वाचून दाखवले, तर त्या म्हणाल्या, "अरे, यांना टाकळा आठवतोय!" तीन महिन्यांत त्या स्वतः टंकायला शिकल्या.

आणि एक साधा नियम मी अजून पाळतो. नवीन माणसानं पहिल्यांदा काही विचारलं की, त्याला चोवीस तासांच्या आत कुणीतरी उत्तर दिलंच पाहिजे. उत्तर माहीत नसेल तर निदान "कुंडी केवढी आहे, ऊन किती तास येतं?" एवढं तरी विचारलं पाहिजे. नमस्काराला उत्तर नाही मिळालं तर माणूस परत त्या दारात उभा राहत नाही.

जेकब नील्सन नावाच्या तज्ज्ञानं २००६ साली एक ढोबळ हिशेब मांडला होता. अशा जागी शंभर माणसं असतील तर त्यातली नव्वद फक्त वाचतात, नऊ कधीमधी लिहितात आणि एकच माणूस सारखा लिहितो. आमच्याकडचा अनुभव याच्या जवळ जाणारा आहे. मराठी संकेतस्थळांवर या नुसतं वाचणाऱ्यांना 'रोमात असणारे' म्हणतात, आणि कुणी पहिल्यांदा लिहिलं की "रोमातून बाहेर आलात, स्वागत!" अशी दाद मिळते. नवीन चालकाला या नव्वदांचा राग येतो. लोक फुकट वाचतात, दोन ओळी लिहायला काय होतं! मलाही यायचा. मग एकदा पुष्पप्रदर्शनात एक बाई भेटल्या. म्हणाल्या, "तुमचं वाचून चार वर्षं टोमॅटो काढतेय गच्चीवर." त्यांनी कधी नोंदणीही केली नव्हती. त्यानंतर राग गेला.

आता जाहिरातीकडं वळू, कारण मुलांचा सगळा जीव त्यात होता. मी एकदा पैसे देऊन इंटरनेटवर जाहिरात केली होती. एका आठवड्यात सहाशे नोंदण्या झाल्या. वर्षभरानं पाहिलं तर त्यातल्या चौघांनी काहीतरी लिहिलं होतं. लग्नात अनोळखी माणसं जेवून जावीत तसं ते झालं. याउलट आम्ही रोपवाटिकांत एक छोटं कार्ड ठेवलं. वर संकेतस्थळाचं नाव नव्हतं. वर होतं, "कोल्हापूरच्या पावसात कुठल्या महिन्यात काय पेरावं", आणि खाली बारा महिन्यांची यादी, मृग, आर्द्रा अशा नक्षत्रांसह. पत्ता अगदी तळाशी, बारीक अक्षरात. ते कार्ड लोकांनी फ्रीजवर लावलं. त्या कार्डानं माणसं आली आणि टिकली, कारण ती काहीतरी घेऊन आली होती. तुमच्या जागेबद्दल सांगू नका, तुमच्या जागेत जे मिळतं त्यातलं थोडं बाहेर वाटा. गुऱ्हाळावर पहिला रसाचा पेला फुकटच देतात.

दुसरं, शीर्षकं. सुरुवातीला आमच्याकडं सगळे हौशी लेखक. एकानं कढीपत्त्याच्या रोगावर फार उत्तम माहिती लिहिली आणि शीर्षक दिलं 'हिरवी वेदना'. आता 'हिरवी वेदना' असं गूगलवर कोण शोधणार? शोधणारा माणूस लिहितो, 'कढीपत्त्याची पानं पिवळी का पडतात'. आम्ही लेखकाची परवानगी घेऊन शीर्षक बदललं. तो लेख आज आमचा सर्वांत जास्त वाचला जाणारा लेख आहे. लेखक अजून थोडे नाराज आहेत.

आणि सण. मायबोलीनं गणेशोत्सवात स्पर्धा घेतल्या, दिवाळी अंक काढले, पावसाळ्यात सभासद एकत्र सहलीला जाऊ लागले, त्याला 'वर्षाविहार' असं छान नाव पडलं. एकत्र भेटण्याला त्यांनी 'गटग' म्हटलं. पडद्यावरच्या टोपणनावाला चेहरा मिळाला की माणूस भांडताना दहा वेळा विचार करतो. आम्हीही दर जूनमध्ये बियांची अदलाबदल ठेवतो. कुणी पाठीमागच्या गल्लीतून येतं, कुणी बेळगाव, निपाणीहून. कागदाच्या पुड्या आणि त्यावर बॉलपेननं लिहिलेली नावं. दोन तास. आयोजनाचा खर्च म्हणजे चहा. माझ्या मते वर्षभराच्या जाहिरातीपेक्षा या दोन तासांनी जास्त काम केलंय.

मुलांनी एक प्रश्न असाही विचारला, जो मला वाटतं तुमच्याही मनात आला असेल. व्हॉट्सअॅपचा गट फुकट असताना, फेसबुक असताना, संकेतस्थळाचा खटाटोप कशाला? गप्पांसाठी नकोच. गटच बरा. पण चार वर्षांपूर्वी कुणीतरी पिठ्या ढेकणावर उत्तम उपाय सांगितला होता, तो गटात शोधून दाखवा. सुप्रभातच्या फुलांखाली तो गाडला गेलेला असतो. शिवाय दुसऱ्याच्या जागेत बांधलेलं घर दुसऱ्याच्या मर्जीवर उभं असतं. ऑर्कुटवर किती मराठी समूह होते! ते ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. जिओसिटीजवरची पानं त्याआधी, २००९ मध्येच गेली. याहू ग्रुप्स डिसेंबर २०२० मध्ये. तिथं लिहिणाऱ्यांना कुणी विचारलं नाही.

आता भांडणं. ती होणार. मी एका भांडणात चुकलो ते सांगतो. शेणखत की रासायनिक खत, असा वाद आमच्याकडं पेटला. सुरुवात यूरियाच्या चमचाभर प्रमाणावरून झाली, तिसऱ्या दिवशी एकमेकांच्या शिक्षणावर आणि पाचव्या दिवशी गावावर गेली. मी गप्प बसलो. म्हटलं, दोन्ही बाजूंचे लोक आपलेच, आपण कशाला बोला, आपोआप थंड होईल. शिवाय खरं सांगायचं तर, वाचनसंख्या चौपट झाली होती आणि ती मला आवडत होती. त्या भांडणात सर्वांत वाईट बोलणी ज्यांना खावी लागली ते एक शेतकरी होते, शिरोळ तालुक्यातले. ऊस आणि भाजीपाला करणारे, आमच्यातले सर्वांत जाणकार. त्यांनी एक ओळ लिहिली, "माझं लिखाण राहू दे, माझं नाव काढा," आणि गेले. मी फोन केला, घरी जाऊन आलो. चहा दिला, नीट बोलले, पण परत आले नाहीत. तेव्हा कळलं की, चालकाचं गप्प राहणं हेही एक बोलणंच असतं आणि समोरच्याला ते ऐकू जातं.

त्यानंतर आम्ही नियम लिहिले. आठच ओळी. मोठी नियमावली कुणी वाचत नाही. मताला विरोध करा, माणसाला नको. व्यक्तिगत लिहिलं तर ते काढलं जाईल आणि का काढलं ते त्या माणसाला खासगीत कळवलं जाईल. चारचौघांत कुणाला शिक्षा नाही. निर्णय दोन संपादक मिळून घेतात, आणि त्यातला एक तरी त्या वादात नसलेला हवा. अमेरिकेत १९८५ साली 'वेल' नावाची अशीच एक जुनी जागा सुरू झाली. तिथं सूत्र असं होतं की, ज्याचे शब्द त्याचे, जबाबदारीही त्याचीच. ते सूत्र मला फार आवडतं, पण आपल्या कायद्यात चालकालाही थोडं बघावं लागतं. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ७९ सभासदांच्या लिखाणाबाबत चालकाला संरक्षण देतं, मात्र त्यासाठी त्यानं योग्य ती काळजी घेतलेली असावी लागते. तक्रार कुणाकडं करायची ते ठळकपणे द्यावं लागतं, आणि न्यायालयाचा किंवा सरकारचा रीतसर आदेश आला तर मजकूर काढावा लागतो. सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०१५ मध्ये याच कायद्यातलं कलम ६६ अ रद्द केलं, म्हणून काहीही लिहिलं तरी चालतं असं नाही. आणि २०२३ च्या कायद्यानंतर लोकांची वैयक्तिक माहिती सांभाळणं हीसुद्धा जबाबदारीच झाली आहे. माझा सल्ला सोपा आहे, लागत नाही ती माहिती घेऊच नका. झाडं लावणाऱ्याची जन्मतारीख कशाला हवी?

हे पुस्तकी वाटेल. पण ७ जून २०२३ चा दिवस आठवा. मोबाइलवरच्या काही स्टेटसवरून आपल्या कोल्हापुरात दगडफेक झाली, इंटरनेट बंद ठेवावं लागलं. शाहू महाराजांच्या गावात! लिहिणाऱ्याच्या बोटाला दोन सेकंद लागतात, निस्तरायला गावाला किती दिवस लागतात ते आपण पाहिलं. मी त्या मुलांना म्हटलं, तुमच्या एकवीस विभागांत 'इतिहास' आहे. तिथं रात्री दीड वाजता कुणी काही लिहिलं तर ते कोण बघणार, ते आज ठरवा. उत्तर नसेल तर तो विभाग उघडू नका.

आणि २०१९ चा महापूर. राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी आपल्याकडं लहान मुलालाही माहीत असते. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. त्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. महामार्ग कित्येक दिवस बंद, वीज नाही, दूध नाही. झाडांचं संकेतस्थळ, त्याचा पुराशी काय संबंध? पण बाहेरगावच्या सभासदांना जिथं ओळखीची माणसं होती, तिथंच त्यांनी विचारायला सुरुवात केली. आई शाहूपुरीत आहे, फोन लागत नाही, कुणी जवळ आहे का? आणि लगेच अफवाही आल्या. अमुक धरण फुटलं, तमुक दरवाजे तुटले. माझ्या घरात वीज नव्हती, मोबाइल बंद पडलेला. संकेतस्थळ सांभाळलं ते पुण्यात बसलेल्या माझ्या भाचीनं. पासवर्ड तिच्याकडं होता हा निव्वळ योगायोग. तिनं एकच नियम लावला, वेळ आणि कुणी सांगितलं ते लिहिल्याशिवाय पुराची एकही ओळ राहणार नाही. 'असं ऐकलंय' ही ओळ दिसली की काढली. तीन दिवस ती झोपली नाही. त्या धाग्यावर एक नाव पाच-सहा वर्षांनी पुन्हा दिसलं, शिरोळच्या त्या शेतकऱ्यांचं. त्यांच्या भागात कुठल्या रस्त्यानं चारा पोचू शकेल एवढंच त्यांनी लिहिलं होतं, वेळेसकट. पूर ओसरल्यावर पुन्हा लिहिलं नाही.

तर नवीन चालकांनो, किल्ल्यांचा एक जोड दुसऱ्या गावातल्या विश्वासाच्या माणसाकडं ठेवा.

शेवटी एक गोष्ट सांगायची राहिली आहे, आणि ती सांगायला मला अजूनही जड जातं. २०१३ मध्ये आमचं संकेतस्थळ एका सकाळी दिसेनासं झालं. सर्व्हरच्या भाड्याची आठवण माझ्या जुन्या ई-मेलवर जात होती, जो मी बघत नव्हतो. मुदत संपली, त्यांनी जागा रिकामी केली. माझ्याकडं जी प्रत होती ती चौदा महिन्यांपूर्वीची. चौदा महिन्यांचं सगळ्यांचं लिखाण गेलं. आणि त्या चौदा महिन्यांत आमच्या रानभाज्यांच्या शिक्षिकाबाई वारल्या होत्या. शेवटच्या वर्षात त्यांनी सर्वांत जास्त लिहिलं होतं, सत्तर टिपणं. तोवर त्या स्वतःच टंकत होत्या, त्यामुळं वहीही नव्हती.

त्यांच्या मुलीचा वर्षश्राद्धाच्या आधी फोन आला. आईचं लिखाण छापून नातेवाइकांना द्यायचं म्हणत होत्या. मी काय सांगणार? इंटरनेटच्या जुन्या पानांचा संग्रह करणारं इंटरनेट अर्काइव्ह आहे, तिथं शोधलं. आमची पाच पानं सापडली, त्यात बाईंचं एक टिपण. मग सगळ्या सभासदांना पत्र लिहिलं. इचलकरंजीहून एका गृहस्थांचा निरोप आला. त्यांनी संकेतस्थळावर कधी एक अक्षर लिहिलं नव्हतं. त्यांच्या पत्नीला संगणकावर वाचायला त्रास व्हायचा, म्हणून ते बाईंची टिपणं कागदावर छापून एका फाइलमध्ये लावत होते. मी एसटीनं जाऊन फाइल आणली. त्यात त्रेचाळीस टिपणं होती. काहींवर हळदीचे डाग होते, एका पानावर त्यांच्या पत्नीनं पेन्सिलनं लिहिलं होतं, 'भारंगीला दोनदा उकडून पाणी टाकावे'. ती त्रेचाळीस आम्ही पुन्हा टंकली. उरलेली गेली.

तेव्हापासून दर संकष्टीला मी संपूर्ण संकेतस्थळाची प्रत काढतो. तारीख लक्षात राहावी म्हणून संकष्टी, उपास असतोच. एक प्रत माझ्या कपाटात, एक पुण्याला भाचीकडं. आणि सहा महिन्यांतून एकदा त्या प्रतीवरून संकेतस्थळ उभं राहतं का, तेही करून बघतो. कारण एकदा बारा प्रती काढल्यावर कळलं होतं की, त्यातली एकही उघडत नाही.

ती दोन मुलं परवा पुन्हा आली होती. एकवीस विभागांचे दोन केले आहेत. वहीत नऊ नावं लिहून आणली होती, दहावं मिळत नव्हतं. मी माझं लिहा म्हटलं.